सासष्टीच्या वाटेवर : शब्द, सण आणि भाताचे कणीस



आपल्या प्रत्येकाच्या घरी भिंतीवर एक दिनदर्शिका टांगलेली असते. गृहिणी तिच्यावर दुधाचा हिशेब लिहिते, मुले सुट्टीचे लाल आकडे मोजतात आणि घरातील वडीलधारी मंडळी उपवास व सण पाहून ठेवतात. परंतु त्या एका कागदावर केवढा मोठा प्रवास दाटीवाटीने बसलेला आहे, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ‘तारीख’ हा शब्द अरबांचा. ‘महिना’ फारसीतून आलेला. ‘वार’ आपल्या संस्कृताचा. आणि ‘ऑगस्ट’ हे नाव रोमच्या ऑगस्टस बादशहाचे. ख्रिस्तपूर्व ८ साली त्याच्या सन्मानार्थ ते त्या महिन्याला देण्यात आले. तोपर्यंत रोमन लोक त्याला नुसते ‘सहावा’ म्हणत, कारण त्यांचे जुने वर्ष मार्चपासून सुरू होत असे. म्हणजे ‘ऑगस्ट महिना, ५ तारीख, बुधवार’ एवढे आपण सहज बोलून जातो, तेव्हा चार देशांचे पाहुणे आपल्या जिभेवर एका पंगतीस बसलेले असतात.

याच ५ ऑगस्टच्या सुमारास आम्ही गोव्यातील सासष्टी तालुक्यात दोन-तीन दिवस हिंडून आलो. पाहण्यासारखी मोठमोठी स्थळे गोव्यात पुष्कळ आहेत; त्यांची वर्णने आपण वाचलेली असतीलच. आम्ही गेलो होतो ते मात्र लहानसहान गोष्टी पाहण्यास : शब्द कोठून आले, सण कोणत्या मातीत रुजले आणि आज त्यांची काय अवस्था आहे.

बेळगावकडून जाणाऱ्यास लोंढा आणि कॅसलरॉक करून घाट उतरावा लागतो. हा लोहमार्ग १८८८ साली वाहतुकीस खुला झाला. घाटाची उतरण इतकी तीव्र की दर ३७ फुटांस १ फूट चढ-उतार आहे. त्यामुळे चढणीवर गाडीस जादा इंजिने जोडावी लागतात. श्रावणात या मार्गावरील दूधसागर धबधबा भरात असतो. सुमारे ३१० मीटर उंचीवरून टप्प्याटप्प्याने कोसळणारे ते पाणी पाहिले म्हणजे ज्याने त्यास ‘दूधसागर’ म्हटले, त्या अनामिक पूर्वजाच्या दृष्टीचे कौतुक वाटते. पुढे कुळ्याला सपाटी लागते आणि मडगावास पोहोचेपर्यंत दोन्ही बाजूंस हिरवी भातशेते दिसू लागतात.

सासष्टी या नावातच एक मोजणी दडलेली आहे. सहासष्ट गावांचा प्रदेश तो सासष्टी. तिच्या उत्तरेस तीस वाड्यांची तिसवाडी, आणि त्याहून उत्तरेस बारा गावांचा बारदेश. आपल्या पूर्वजांनी प्रांतांना राजेरजवाड्यांची नावे न देता गावे मोजून नावे दिली, ही गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. मुंबईच्या उत्तरेकडील साष्टी बेटाचे नावही याच सहासष्टाच्या आकड्यावरून पडले.

मडगावात पहाट होते ती पोदेराच्या भोंग्याने. पाव विकणाऱ्यास येथे पोदेर म्हणतात, आणि पोदेर व पाव हे दोन्ही शब्द पोर्तुगीज. गोव्यात पूर्वी पावाचे पीठ फुगविण्यासाठी माडाची सूर वापरीत असत. युरोपात जे काम किण्वाने होई, ते येथील पोदेराने आपल्या परसातील माडाकडून करवून घेतले. पदार्थ परका, पण त्यातील प्राण मात्र येथला!

आता आपण जरा आपल्याच घराकडे वळून पाहू. बटाटा, काजू, अननस, पपई आणि मिरची यांतील एकही वस्तू मूळची आपल्या भूमीतील नव्हे. ही सर्व अमेरिका खंडातील पिके, पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे आली. काजू आणि अननस ही नावे तर ब्राझीलमधील तुपी नावाच्या आदिवासींच्या भाषेतील. मिरचीचे नाव मात्र आपले आहे, आणि त्याची कथा गमतीची आहे. संस्कृतात काळ्या मिऱ्याला मरिच म्हणत. नवी तिखट शेंग आली तेव्हा आपल्या आज्यांनी तिला नवे नाव शोधण्याचा खटाटोप केला नाही. मिऱ्याचे नाव थोडे वळवून तिला दिले आणि घरात घेतले.

स्वयंपाकघरातून बाहेर आलो तरी हीच गोष्ट. चावी, बादली, परात, घमेले, बिजागरी, फीत, इस्त्री, लिलाव, पगार, तुरुंग, हे सारे शब्द पोर्तुगीजांकडून आले. ज्या शेतकऱ्याने कधी समुद्र पाहिला नाही, तोही खांद्यावरून घमेले वाहताना एक पोर्तुगीज शब्द वाहत असतो. पण देणे-घेणे एकतर्फी नव्हते. आपल्या दक्षिण किनाऱ्यावरील ‘मांगा’ आणि ‘चक्का’ हे शब्द पोर्तुगीजांनी उचलले व आंबा आणि फणस यांची तीच नावे युरोपभर नेली. आंब्याच्या बाबतीत तर देवघेव फारच सुंदर झाली. झाड आपले, कलम बांधण्याची हातोटी त्यांनी वाढविलेली, आणि हापूस हे नाव ‘अफोन्सो’ या पोर्तुगीज नावावरून आपल्या जिभेने घडविलेले. हापूसची कोय पेरून हापूसच येईल अशी खात्री नसते, म्हणून कलमावाचून ती जात टिकतच नाही. १५६३ साली गोव्यात गार्सिया द ओर्ता या वैद्याचा भारतीय वनस्पती व औषधी यांवरील ग्रंथ छापला गेला. त्यात आंबा, फणस, नारळ यांची साक्षेपाने नोंद आहे. आपल्या परसातील झाडांची युरोपास पहिली नीट ओळख त्या पुस्तकाने करून दिली.

वारांची गोष्ट याहून नवलाची. पोर्तुगीज भाषेत सोमवार ते शुक्रवार यांना ग्रहांची नावे नाहीत. तेथे सोमवार म्हणजे ‘दुसरा’, मंगळवार म्हणजे ‘तिसरा’, अशी मोजणी आहे. कारण पहिला दिवस प्रभूचा, म्हणून रविवारास ते ‘दोमिंगो’ म्हणतात. चारशे-साडेचारशे वर्षे ही भाषा राज्यकर्त्यांची होती. तरीही गोव्यातील ख्रिस्ती माणूस घरी रविवारास काय म्हणतो? ‘आयतार’ म्हणतो! आयतार म्हणजे आदित्यवार. आपल्या जुन्या मराठीतील ऐतवार तो हाच. प्रार्थनेचा दिवस नवा झाला, पण त्याचे घरगुती नाव पूर्वजांचेच राहिले. उलट ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज असूनही आज महाराष्ट्रातील कोणत्याही धर्माच्या माणसास तो परका वाटत नाही. कोणता शब्द ठेवावा आणि कोणता घ्यावा, हे कोणा राजाच्या हुकुमाने ठरले नाही. चूल, शेत, विहीर आणि बाजार येथे रोज बोलणाऱ्या माणसांनी ते ठरविले.

सणांचेही तसेच. २४ जून हा योहान बाप्तिस्त याचा जन्मदिन. शुभवर्तमानाप्रमाणे तो येशूहून सहा महिन्यांनी मोठा. म्हणून नाताळच्या आधी सहा महिने हा सण येतो. युरोपात त्या रात्री होळ्या पेटवितात. गोव्यात त्या सुमारास मृगाचा पाऊस पडून विहिरी तुडुंब भरलेल्या असतात; तेथे होळी कशी पेटणार? तेव्हा गोव्याच्या तरुणांनी डोक्यावर फुलापानांचे मुकुट घालून विहिरीत उड्या घेण्यास आरंभ केला आणि सणाचे नाव झाले ‘सांजांव’. मातेच्या उदरात योहानाने आनंदाने उडी घेतली, तिची ही आठवण, असे तेथील लोक सांगतात.

मडगावहून राशोल सात-आठ किलोमीटरांवर आहे. झुआरी नदीच्या काठी एका लहानशा टेकडीवर तेथील प्रसिद्ध गुरुकुल उभे आहे. त्याचा पाया १६०६ साली घातला गेला. जुन्या किल्ल्याचे आता एक प्रवेशद्वार तेवढे शिल्लक आहे. पण मराठी माणसाने या टेकडीस नमस्कार करावा तो वेगळ्या कारणाने. १६१६ साली याच राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले.

स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघून, सुमारे साडेसहा महिने समुद्रात काढून, २४ ऑक्टोबर रोजी ते गोव्यास पोहोचले. उरलेली चाळीस वर्षे त्यांनी येथेच, मुख्यत्वेकरून या सासष्टीत वेचली आणि १६१९ साली येथेच देह ठेवला. त्यांनी कोंकणीत ख्रिस्ती शिकवणुकीचे पुस्तक लिहिले, कोंकणीचे व्याकरण रचले, आणि सुमारे ११,००० ओव्यांचे हे पुराण मराठीत लिहिले. ग्रंथाला त्यांनी ‘पुराण’ म्हटले, स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले आणि छंद निवडला तो ओवीचा. ओवी म्हणजे केवळ ज्ञानेश्वरीचा छंद नव्हे. पहाटे जात्यावर बसलेल्या आपल्या मायबहिणींचाही तो छंद. परदेशातून आलेला एक धर्मगुरू येथल्या लोकांचे बोलणे किती कान देऊन ऐकत असला पाहिजे, याची कल्पना त्यावरून यावी.

ज्या छापखान्यांमुळे हे शक्य झाले, त्यांचा उगमही असाच योगायोगाचा. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात उतरला, तो खरे पाहता अबिसिनियाकडे, म्हणजे आजच्या इथिओपियाकडे जाण्यास निघाला होता. तो पुढे गेलाच नाही, आणि आपल्या देशात मुद्रणाचा आरंभ झाला. राशोलला छापलेले क्रिस्तपुराण रोमन लिपीत होते. १६१६ च्या त्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ जगला, कारण लोकांनी तो हाताने उतरवून घेतला आणि घराघरांत म्हटला. १९०७ साली मंगळुरास तो पुन्हा रोमन लिपीत छापला गेला, आणि १९५६ साली पुण्यास देवनागरीत प्रसिद्ध झाला. छापलेला कागद नाहीसा झाला, पण मुखातील ओवी मात्र राहिली, हे त्या टेकडीवर उभे असताना आमच्या मनात वारंवार येत होते.

राशोलला लागूनच राय हे गाव आहे. तेथील ख्रिस्तमंदिर हिममातेस अर्पिलेले आहे. ज्या देशात बर्फ पडत नाही, तेथे हिममाता कशी, असा प्रश्न आपणांस पडेल. परंपरा अशी की चौथ्या शतकात रोममध्ये, ऐन उन्हाळ्यात, ५ ऑगस्टच्या पहाटे एका टेकडीवर हिम पडले आणि पवित्र मरियेने आपल्या मंदिराची जागा त्या खुणेने दाखविली. तेथे आज मरियेचे महामंदिर उभे आहे. दरवर्षी ५ ऑगस्टला त्याच्या छतातून शुभ्र पाकळ्यांचा वर्षाव करून त्या हिमाचे स्मरण करतात. पोप फ्रान्सिस यांस २०२५ च्या एप्रिलमध्ये याच मंदिरात चिरविश्रांती देण्यात आली.

रोमची ही आठवण रायला पोहोचली आणि रायच्या लोकांनी तिला आपल्या शेतात पेरले. ५ ऑगस्टला येथे ‘कणसाचे फेस्त’ असते. धर्मगुरू शेतात जाऊन भाताच्या पहिल्या कणसांवर आशीर्वाद मागतात, विळ्याने ती कापतात, आणि मग ती कणसे मंदिरात नेऊन भाविकांना वाटतात. घरोघरी ती वेदीपाशी ठेवली जातात. गोव्यातील इतर गावांत हा सण पुढे ऑगस्टभर चालतो. परंतु पहिला मान रायचा. रोमला छतातून पाकळ्या पडत असतात, त्याच दिवशी येथे कणीस कापले जात असते.

दहा दिवसांनी, १५ ऑगस्टला, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणास सासष्टीतील घराघरांत पातोळ्या होतात. तांदळाचे वाटण हळदीच्या पानावर पसरून, आत गूळ-खोबरे भरून, पान मिटून वाफवावयाचे. आपल्याकडे नागपंचमीस आणि गणपतीच्या दिवसांत हिंदू घरांतून हाच पदार्थ होतो. हे असे का? कारण हळद पाहते फक्त पाऊस. हळदीचा गड्डा मृगाच्या पावसाने फुटतो, श्रावणात त्याची पाने तळहाताहून रुंद होतात आणि हिवाळ्यात ती वाळून जातात. पान ज्या महिन्यात कोवळे आणि सुगंधी, त्याच महिन्यात पातोळी. शेजारी-शेजारी नांदणाऱ्या दोन घरांतील सण निराळे, पण हळदीचा वाफा एकच.

येथवर सारे गोड आहे. परंतु रायचे शेत पाहून आम्ही नदीच्या बाजूस खाजण जमिनीकडे गेलो, तेव्हा जे पाहिले ते सांगणेही आमचे कर्तव्य आहे.

खाजण म्हणजे खाडीकाठची, भरतीच्या पातळीहून खालची जमीन. मातीचे बांध घालून पूर्वजांनी ती खाऱ्या पाण्यातून मिळविली. बांधात एक दार असते; त्यास ‘मानस’ म्हणतात. भरती चढू लागली की पाण्याच्या दाबाने ते दार आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. तेथे ना यंत्र, ना विजेची गरज; चंद्राच्या ओढीने चालणारे ते दार होय. जूनच्या पावसाने जमिनीतील मीठ धुऊन जाते, आणि मग खारटपणा सोसणारे ‘कोरगुट’ नावाचे भात तेथे पेरतात. हे सर्व काम एकट्यादुकट्याचे नव्हे, गावकरीचे आहे. पोर्तुगीजांनी १५२६ साली या गावकऱ्यांचे रीतिरिवाज लिहून काढले, तेव्हाही हे रिवाज जुनेच होते.

आज त्या खाजणांत कित्येक कुणगे पडीक आहेत. जेथे बांध फुटून कोणी बांधला नाही, तेथे खारे पाणी आत शिरले आहे आणि भाताच्या जागी तिवरे उगवली आहेत. बांधावर आम्हांस एक वृद्ध शेतकरी भेटले. सत्तरी उलटलेली, पायांस चिखल. आम्ही विचारले, “बाबा, यंदा पेरले नाही का?” ते म्हणाले, “फादर, पाणी आहे, बीही आहे. वाकणारी कंबर राहिली नाही.” त्यांचा एक मुलगा जहाजावर, दुसरा आखातात. मजुरी परवडत नाही. नातू सुट्टीस येतो, पण मेर म्हणजे काय, तरवा कशास म्हणतात, पावसाळी सरद आणि उन्हाळी वायंगण यांत भेद कोणता, हे त्याला ठाऊक नाही. “ठाऊक असून तरी काय करील?” असे ते स्वतःशीच म्हणाले.

वाचकहो, या प्रश्नास त्या बांधावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. ज्या तरुणांनी घर चालविण्यासाठी समुद्र ओलांडला, त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. मात्र एक गोष्ट तेथे स्पष्ट झाली. आम्ही शब्दांचा शोध घेत गेलो होतो, आणि शब्द कसा मरतो ते डोळ्यांनी पाहिले. परभाषा आली म्हणून ‘मानस’ हा शब्द मरत नाही. परभाषेतील बादली आणि घमेले आपल्याकडे सुखाने नांदतात, कारण आपण रोज पाणी भरतो व माती वाहतो. मानस दुरुस्त करणारा हात थांबला म्हणजे तो शब्द मरतो. सणाचेही तेच. शेत पडीक राहिले तर धर्मगुरू आशीर्वाद कोणत्या कणसावर मागतील? बाजारातून विकत आणलेल्या कणसावर? तसे झाले तर दिनदर्शिकेवर ५ ऑगस्टचा सण राहील, पण रायच्या मातीशी त्याचे नाते उरणार नाही.

हे गोव्यापुरतेच आहे असे समजू नये. बेळगाव, खानापूर, चंदगड या आपल्या भागांतही भातशेती आहे, नाचणी आहे, आणि तेथेही मुलांना पिकाचे नाव ठाऊक असून अवजाराचे नाव ठाऊक नसते. म्हणून आमची आपणांस एक विनंती आहे. येत्या रविवारी मिस्साहून घरी आल्यावर मुलांना घेऊन घरातील किंवा वाडीतील सर्वांत वृद्ध माणसाकडे जावे. शेतीतील, माजघरातील किंवा परसातील अशी पाच नावे त्यांना विचारावीत, जी मुलांनी कधी ऐकलेली नाहीत. ती दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूस लिहून ठेवावीत. एवढ्यावर मात्र थांबू नये. त्या पाचांपैकी निदान एका वस्तूने प्रत्यक्ष काम करून पाहावे : जाते असल्यास एक पायली दळावी, विळा असल्यास गवत कापावे, हळदीचा गड्डा असल्यास परसात लावावा.

हळद लावण्याचा काळ पहिल्या पावसाचा. पुढील मृगात लावलेली हळद श्रावणात पाने देईल, आणि १५ ऑगस्टला पातोळ्यांसाठी ती बाजारातून आणावी लागणार नाहीत. पाने उरल्यास शेजारच्या घरी जरूर द्यावीत. त्यांच्याकडेही त्या दिवसांत सण असतोच.